बसऱ्याहून आलेलं कार्ड

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे रथसप्तमीपर्यंत कधीतरी उरकतं. सासरे गेल्यापासून सासूबाई त्या दिवशी आतल्या खोलीत बसतात. गेल्या वर्षी मी हट्टच धरला. "आत्याबाई, वाण तुमच्या हातानं लुटायचं. त्याशिवाय मी कुणाला कुंकू लावणार नाही." नाही म्हणता म्हणता त्या बाहेर आल्या. बायका गेल्या, पसारा आवरला, आणि उरलेला तिळगूळ डब्यात भरताना त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या आजीला बारा वर्षं कुणी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई. कपाळाला कुंकू असून."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सुनबाई, मला एकदा मुंबईची गोदी दाखव."

चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, धरलेले गुडघे, आणि पंढरपूर-तुळजापूरपलीकडे कधी कुठे जायचं म्हणून हट्ट नाही. अशा बाईनं गोदी बघायला मागावी? मी विचारलं, "गोदीत काय आहे?"

"माझा आजा तिथनं बोटीत बसला. परत उतरला न्हाई."

त्या रात्री त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक पुरचुंडी काढली. आत खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक कार्ड होतं. पिवळं पडलेलं, घड्या घालून घालून मधोमध विरलेलं, आणि त्यावर मोडीतल्या बारीक ओळी. आजी होती तोवर ते तिनं कुणाच्या हातात दिलं नाही. १९७२ साली ती गेली आणि पुरचुंडी सासूबाईंकडे आली. तेव्हा घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. एकशे दहा वर्षं जुनं ते कार्ड पन्नासएक वर्षं कुणी वाचलेलंच नव्हतं!

आजीला ते पाठ होतं म्हणे. त्यात काय आहे, कुणी विचारलं की ती सांगायची, "मला आशीर्वाद आहे आणि पोराला आशीर्वाद आहे." पण आजा बोटीत बसला तेव्हा सासूबाईंचे वडील आजीच्या पोटात होते. त्यांच्या जन्माची बातमी आज्याला पोचली की नाही, हे त्यांना जन्मभर खात्रीनं कळलं नाही. "आई माझ्या समाधानासाठी सांगते," असं ते म्हणत. आजीच्या आधीच चार वर्षं ते गेले.

म्हणून आमच्या प्रवासाचा पहिला मुक्काम मुंबई नव्हे, पुणं ठरला. मोडी शिकवणारे एक निवृत्त मास्तर ह्यांच्या ओळखीतून मिळाले. सातारहून सकाळची एस.टी. धरली. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळगूळ आणि बोटीत मळमळू नये म्हणून आलेपाक. ह्यांनी सासूबाईंसाठी खिडकीची जागा धरली. खंबाटकी घाट संपेपर्यंत त्यांनी पुरचुंडीची पिशवी मांडीवरून हलवली नाही.

मास्तरांनी कार्ड काचेवर ठेवलं, भिंग घेतलं आणि आधी स्वतःशीच वाचलं. मग मोठ्यानं वाचू लागले. वडिलांना साष्टांग नमस्कार, इकडे सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. मुक्काम बसरा. ऊन फार, पण प्रकृती चांगली. मनिऑर्डर पोचली का ते लिहावे. तांबड्या बैलाचा पाय बरा झाला का? पाऊस पडला का? आणि अगदी शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक करून: "घरात व चिरंजीवास आशीर्वाद."

सासूबाई म्हणाल्या, "परत वाचा."

मास्तरांनी परत वाचलं. तारीख होती १९१५ च्या जून महिन्यातली. सासूबाईंचे वडील त्या वर्षी फाल्गुनात जन्मले. म्हणजे शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं, मुलगा झाल्याचं पत्र बसऱ्याला पोचलं होतं! सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आबा उगीच झुरले. ती खरं सांगत होती."

तरुण मैत्रिणींसाठी एक सांगते. पूर्वी नवरा बायकोचं नाव घेत नसे, मग वडिलांना लिहिलेल्या कार्डात तर दूरच. कार्ड सगळ्या घरासमोर, कधी कधी सगळ्या आळीसमोर मोठ्यानं वाचलं जायचं. तेव्हा बायकोला काही सांगायचं तर "घरात" एवढाच शब्द. "घरात" म्हणजे बायको. इतक्या मजकुरात आजीच्या वाट्याला तो एक शब्द आला होता.

मुंबईत नणंदेकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीनं बॅलार्ड पिअरच्या बाजूला गेलो. गोदीत पास असल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे सासूबाईंना फाटक, भिंत आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या क्रेनच दिसल्या. ह्यांनी समजावलं, "आई, ह्या भिंतीमागं अलेक्झांड्रा डॉक. तो १९१४ सालीच सुरू झाला. आता त्याला इंदिरा डॉक म्हणतात." आजा नेमका कुठल्या धक्क्यावरून चढला ते आमच्या घरी कुणाला ठाऊक नाही. पण बंदर हेच, आणि तारीख इतिहासात नोंदलेली आहे: १६ ऑक्टोबर १९१४.

पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड त्या दिवशी मुंबईहून निघाली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. आजा तिच्यात. त्याच दिवशी पूर्व आफ्रिकेकडे जाणारी फौजही इथूनच निघाली. कोण कुठे चाललंय ते शिपायांना सांगितलेलं नव्हतं. खुद्द ब्रिगेडच्या साहेबाला मोहोरबंद लखोटा दिलेला होता. मग घरच्यांना काय सांगणार? आजीला एवढंच ठाऊक होतं, "मुंबईला गेले, तिथनं बोटीनं."

भिंत बघून सासूबाईंचं समाधान होईना. म्हणून गेटवेहून घारापुरीची लाँच धरली. गेटवे बघून त्या म्हणाल्या, "ह्या कमानीखालनं गेला असंल." तर तेही नाही! गेटवेचा पायाचा दगड १९१३ साली बसला असला तरी कमान पुरी झाली ती १९२४ साली. आजा निघाला तेव्हा ही जागा मोकळीच होती.

जानेवारीतला समुद्र शांत असतो, तरी लाँच धक्क्यापासून सुटली तशी सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मी आलेपाकाची वडी पुढे केली. डावीकडे गोदीची लांबलचक रांग, नांगरलेल्या आगबोटी, नौदलाच्या करड्या बोटी, आणि हळूहळू मागे सरकणारी मुंबई. सासूबाई मागेच बघत होत्या. "त्यालाबी असंच दिसलं असंल न्हाई? जमीन लांब लांब जाताना." मुलुखातला गडी तो. विहिरीशिवाय आणि कृष्णेशिवाय पाणी बघितलेलं नाही. त्यात समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं म्हणणारी माणसं गावात होतीच. बोटीवर माणसांबरोबर घोडी, खेचरं, दाणा-वैरण, सगळं एकत्र, आणि बोट लागून पडलेली निम्मी पलटण.

एका आठवड्यानं त्या बोटी बहरीनला पोचल्या आणि तिथेच थांबल्या. किनारा समोर, पण उतरायचा हुकूम नाही. तुर्कस्तानाशी युद्ध जाहीर होईपर्यंत माणसं बोटीवरच. मग ६ नोव्हेंबरला फाव या ठिकाणी फौज उतरली. तिथे शत-अल-अरब नदी समुद्राला मिळते. मुखाशी गाळाचा मोठा बांध असल्यामुळे मोठ्या बोटींना भरती बघूनच आत शिरावं लागतं. आत गेलं की दोन्ही काठांना खजुराची दाट बनं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसरा हाती आला. पुढे दीड वर्ष हिंदी फौजेच्या पत्रांची ये-जा तिथूनच झाली. पत्त्यात गावाचं नाव घालायचं नाही. पलटणीचा नंबर आणि "इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी" एवढंच. तिथल्या फील्ड पोस्टात आपलीच हिंदुस्थानची तिकिटं चालत, फक्त वर आय.ई.एफ. अशी तीन अक्षरं छापलेली.

लाँचवर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "८७ साली मीपण असाच मागं बघत होतो." शांतिसेनेबरोबर हे मद्रासहून बोटीनं श्रीलंकेला गेले, कांकेसंतुरैला उतरले. तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मैत्रिणींनो, त्या दिवसांत मी रेडिओ लावायची आणि बातम्या सुरू झाल्या की बंद करायची. ह्यांच्या पत्त्यात जाफना नाही की काही नाही, नुसतं "मार्फत ५६ ए.पी.ओ.". पत्र यायचं ते पंधरा दिवसांपूर्वीचं. "मी खुशाल आहे" हे वाचताना मनात यायचं, हे तेव्हा होते, आज आहेत का? पण माझं पत्र माझ्या नावावर यायचं आणि मी ते खोलीचं दार लावून वाचायची. आजीला ती सोय नव्हती, हे मला त्या लाँचवर पहिल्यांदा नीट कळलं.

परत आल्यावर काळा घोड्याचं म्युझियम पाहिलं. त्याचं नाव आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सासूबाई पायऱ्यांवर बसल्या, मी आतला फलक वाचून आले. इमारत नवी कोरी असताना, म्युझियम उघडण्याआधी, पहिल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं. म्युझियम म्हणून ती १९२२ साली उघडली. मेसोपोटेमियातून जखमींना घेऊन बोटी मुंबईला येत. "मग आजी इथं का न्हाई आली बघायला?" सासूबाईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "तिला कोण आणणार? आणि जखमींत त्याचं नावच नव्हतं."

आता कूतबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गाठ तिथेच बसली. बसऱ्याहून फौज तैग्रिस नदीच्या कडेनं बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मोठी लढाई झाली, माघार घ्यावी लागली आणि सहावी डिव्हिजन कूत-अल-अमारा या गावात येऊन अडकली. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला, तो जवळपास पाच महिने. दाणा संपला, घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली. धर्मासाठी कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. विमानातून पिठाची पोती टाकून बघितली, पण एवढ्या माणसांना ती कुठे पुरणार! सोडवायला आलेल्या फौजेची वेढ्यातल्या फौजेपेक्षाही जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, तरी वेढा सुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं आणि सगळी फौज कैदेत गेली. कैद्यांना उन्हातून पायी चालवत नेलं. बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावलं. त्यातले हजारो परतले नाहीत.

गावात काय आलं? काहीच नाही. जून १९१५ चं कार्ड शेवटचं. शाळामास्तर पत्रं लिहीत राहिले, उत्तर नाही. युद्ध संपलं, शेजारच्या गावचा एक गडी परतला, तो म्हणाला, "रेल्वेच्या कामावर पाहिला होता, तापानं फणफणलेला." जिवंत पाहिला होता! आजीनं तेवढं धरलं.

पुढे सरकारी कागद आला. शिपाई मयत समजून विधवेला पेन्शन. सासऱ्यानं तिला मामलेदार कचेरीत नेलं, तिनं अंगठा उठवला आणि दर खेपेला पेन्शन आणली, कारण पोर वाढवायचं होतं. पण कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. गाव बोलायला लागला, "कचेरीत विधवा आणि घरात सवाष्ण." सण आला की बायका तिच्या दारावरून पुढे जात. आजी म्हणायची, "सरकारानं त्याचं माणूस त्याच्या कागदावर मारलं. मला कुणी येऊन सांगितलं न्हाई." पितृपक्षात मुलानं वडिलांचं पान वाढायचं म्हटलं तरी तिनं कधी वाढू दिलं नाही. छप्पन्न वर्षं कुंकू लावून ती सरणावर गेली.

मुंबईहून परतताना पुण्यात खडकीच्या युद्ध-स्मशानभूमीत गेलो. मुळा रोडवर, होळकर पुलाजवळ आहे. एवढी शांत, नीटनेटकी जागा मी कमी पाहिली आहे. कापलेली हिरवळ, प्रत्येक दगडाच्या पायथ्याशी फुलझाडं. इथे दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांचं स्मारकही आहे. सासूबाई काठी टेकत, नावांवरून बोट फिरवत बराच वेळ फिरल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. मी मागून वाचत होते. आज्याचं नाव तिथे नव्हतं, आणि असणारही नव्हतं, कारण तो इथे वारला नाही.

जे मेसोपोटेमियात गेले आणि ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. १९२९ साली ते नदीकाठी उभारलं, १९९७ साली तिथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. पण तिथे जाऊनही आम्हाला आजा सापडला नसता. गोऱ्या शिपायांची नावं त्या दगडावर कोरली, साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. ही सगळ्यांना सारखी वागणूक नव्हती, हे युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल मंडळानं २०२१ साली स्वतःच्या चौकशीनंतर कबूल केलं आणि माफी मागितली.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आकड्यात असंल की तो."

मात्र दगडावर नसलेली बरीच नावं कागदावर होती आणि आता त्या मंडळाच्या वेबसाइटवर बघता येतात. घरी आल्यावर माझ्या मुलानं मोबाइलवर शोधायला घेतलं. आडनावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून पाहिलं. पाचव्या तऱ्हेला सापडलं. ११७ वी मराठा, शिपाई, नंबर, बापाचं नाव, गावाचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं, जिल्हा सातारा. आणि मृत्यूची तारीख: १९१६ च्या ऑगस्टमधली.

म्हणजे कूत पडल्यावर चारच महिने. आजी पुढची छप्पन्न वर्षं ज्याची वाट बघत होती, तो तिचं पोर दीड वर्षाचं असतानाच गेला होता. खोलीत कुणी बोलेना. मला वाटलं, हे शोधलं नसतं तर बरं झालं असतं. सासूबाईंनी मुलाला विचारलं, "नाव नीट लिहिलंय ना? त्याचंच ना?" तो म्हणाला, "हो आजी, बापाचं नावपण आहे." त्या म्हणाल्या, "मग झालं. तिला कुणीतरी येऊन सांगायला पायजे होतं. आता सांगितलं."

भाद्रपदात सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्त वाढलं. माहेरच्या आज्याचं पान सासरी वाढायचं की नाही, यावर दोन भावकीतली माणसं बोलली. सासूबाईंनी लक्ष दिलं नाही. पानात तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि त्यांच्या आग्रहानं थोडा खजूर. "दोन वर्षं खजुराच्या मुलखात होता," त्या म्हणाल्या. मग आजीच्या फोटोपाशी गेल्या. मला वाटलं, आता फोटोवरचं कुंकू पुसतात की काय. त्यांनी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि जुनं फिकट झालेलं कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं.

"त्याचं पान वाढलं, तिचं कुंकू ऱ्हाऊ दे. ती सवाष्ण गेली."

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. तुमच्याही ट्रंकेत असं कार्ड किंवा पत्र असेल तर ते लॅमिनेट करू नका, फाटलं म्हणून चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद सपाट, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. डांबराची गोळी कागदाला लागू देऊ नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, ती आहेत तोवर वाचून घ्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, बेत त्याप्रमाणे करा. आणि कुणी वडीलधारं माणूस एखादी विचित्र जागा बघायला मागत असेल, तर गुडघ्यांचं कारण सांगून टाळू नका.

आमच्या ह्यांची १९८७ ची पत्रं मी आता खणाच्या तुकड्यात बांधून ठेवली आहेत. सून परवा म्हणाली, "मला वाचायला द्याल?" म्हटलं, देईन. पण अजून नाही.